पाठीचा त्रास असताना गादी घेताय? या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी टॉवेलच्या कारखान्यात सुताचं पोतं सरकवताना कमरेत कळ आली आणि थेट डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. एमआरआयमध्ये एल-फोर आणि एल-फाइव्ह, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकलेली निघाली. मणक्यांमधल्या चकतीला आपल्याकडे गादीच म्हणतात. ती सरकली आणि अंथरायची गादी बदलायची वेळ आली. ती बदलताना मी एकामागून एक ज्या चुका केल्या, त्या तुमच्या हातून होऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे.

जितकी कडक तितकी बरी, हा समज

दुखणं कळलं तशी घरी येणाऱ्या प्रत्येकानं एकच सल्ला दिला: गादी काढून टाक, फळीवर झोप. आई म्हणाली, "जमिनीवर चादर टाकून झोप, कंबर सरळ होतीय." मी दीड महिना फरशीवर सोलापुरी चादर दुहेरी घालून झोपलो. रात्री तीनच्या सुमारास खांदा आणि खुब्याचं हाड ठणकायला लागे, कूस बदलली की कमरेत चमक निघे, आणि सकाळी भिंतीला धरून मोरीपर्यंत जावं लागे.

कारण साधं आहे. पाठीचा कणा काठीसारखा सरळ नसतो. मानेत तो आत वळतो, पाठीत बाहेर येतो, कमरेत पुन्हा आत जातो. फळीवर उताणं झोपलं की पाठ आणि नितंब टेकतात, कंबर मात्र अधांतरी राहते. तिला सावरायला तिथले स्नायू रात्रभर ताणलेले राहतात. फार मऊ गादीवर उलटं होतं. शरीराचा सर्वांत जड भाग कमरेखालचा, तोच खाली जातो आणि पाठीचा झोळणा होतो. आपल्याला या दोन्हींच्या मधली गादी हवी असते.

याचा नीट अभ्यास झालेला आहे. स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना दोन गट करून गाद्या दिल्या, काहींना कडक, काहींना मध्यम. ९० दिवसांनी मध्यम गादीवाल्यांचं अंथरुणातलं दुखणं, उठतानाचं दुखणं आणि दिवसभराची अडचण ही तिन्ही जास्त उतरलेली दिसली. २००३ साली हा अभ्यास 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मात्र ते रुग्ण ठरावीक कारण न सापडलेल्या जुन्या कंबरदुखीचे होते. नस दबलेली असेल, मणका घसरलेला असेल किंवा शस्त्रक्रिया झालेली असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

गादी बरोबर आहे का हे पाहायची सोपी खूण म्हणजे हाताची. उताणं झोपा आणि कमरेच्या खोलगट भागाखाली तळहात सरकवा. हात आरपार मोकळा जात असेल तर गादी कडक आहे. हात शिरतच नसेल तर ती मऊ आहे. थोडं अडत, घासत गेला तर जमलं. कुशीवर झोपणाऱ्यांनी दुसऱ्या कुणाला तरी पाठीमागे उभं करून बघायला सांगावं. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ आडवी सरळ दिसली पाहिजे.

'ऑर्थोपेडिक' या शिक्क्यावर विश्वास

दीड महिन्यानंतर मी दुकानात गेलो आणि कव्हरवर 'ऑर्थो' लिहिलेली गादी उचलून आणली. आत काय आहे हे विचारलंच नाही. वर्षभरानं चेन उघडून पाहिलं तर वर बोटभर जाडीचा पांढरा फोम, आणि त्याखाली रंगीबेरंगी कतरणांचा दाबून केलेला ठोकळा. त्याला रीबाँडेड फोम म्हणतात. तो वाईट नसतो, टिकतोही, पण चांगलाच कडक असतो. म्हणजे फरशीवरून उठून मी दुसऱ्या फरशीवरच झोपत होतो, तेही पैसे मोजून.

'ऑर्थोपेडिक' हा शब्द कुठलीही कंपनी कुठल्याही गादीवर छापू शकते. त्यामागे कुठल्या डॉक्टराची तपासणी असेलच असं नाही. म्हणून विक्रेत्याला थरांबद्दल विचारा: वरून खाली कोणकोणते थर आहेत आणि प्रत्येक किती इंच? फोम असेल तर त्याची घनता, म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन, किती? माझ्या मते ३२ किलोच्या खालचा फोम पाठीचा त्रास असलेल्यानं घेऊच नये, तो लवकर बसतो. वजनदार माणसानं ४० च्या आसपासचा बघावा. पण घनता वेगळी आणि कडकपणा वेगळा, हे लक्षात ठेवा. जास्त घनतेचा फोम मऊही असू शकतो. घनतेवरून गादी किती दिवस टिकेल ते कळतं. ती अंगाला कशी लागेल हे झोपल्याशिवाय कळत नाही.

एका घरात एकच गादी सगळ्यांना

याचा पुरावा आमच्याच घरात आहे. आईनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि पानं, मान खाली, पाठ वाकलेली. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांच्या आया-आज्या विड्यांवर घर चालवत आल्या, त्यांना ही बैठक सांगायला नको. आता तिच्या कमरेतली नसांची नळी अरुंद झाली आहे. तिला वाकलं की बरं वाटतं, सरळ उभं राहिलं किंवा पाय लांब करून सपाट झोपलं की पोटऱ्यांत मुंग्या येतात. माझं नेमकं उलटं. मला वाकलं की कळ येते.

मी माझी कडक गादी 'पाठीला चांगली' म्हणून तिला दिली होती. पंधरा दिवस तिनं काही सांगितलं नाही. मग एका रात्री पाहिलं तर ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. आजही ते आठवलं की वाईट वाटतं. तिला हवी होती हाडांना न टोचणारी, वरून चांगली मऊ गादी आणि गुडघ्यांखाली उशी. गुडघे थोडे वर आले की कमरेचा ताण उतरतो, नळीला जागा मिळते. पातळ अंगाच्या, वयस्क माणसाला कडक गादी हाडांना टोचते. ऐंशी-नव्वद किलोच्या माणसाला तीच ठीक वाटेल.

नवरा-बायकोच्या वजनात फार फरक असेल, किंवा दोघांपैकी एकालाच त्रास असेल, तर मोठ्या पलंगावर सहा बाय तीनच्या दोन वेगळ्या गाद्या शेजारी शेजारी टाका. जाडी मात्र सारखी घ्या. वरून एक मोठी चादर घातली की कुणाला कळतही नाही.

दुकानात बसून गादी बघणं

आपण काठावर बसतो, हातानं दाबतो, दोनदा उडी मारल्यासारखं करतो आणि पैसे देतो. दुसऱ्या वेळी शेजारचे काका सोबत होते. ते मला म्हणाले, "बसून काय बघालास? आडवा हो की." लाज बाळगू नका. चप्पल काढा आणि घरी ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर किमान दहा-पंधरा मिनिटं पडून राहा. कूस बदलून बघा. कूस बदलायला जोर लावावा लागला तर ती गादी सोडा, कारण कळ येते ती नेमकी त्याच वेळी. घरची उशी सोबत नेली तर आणखी चांगलं.

सोलापूरचा उन्हाळा विसरणं

मेमरी फोमचं कौतुक सगळीकडे ऐकू येतं. हा फोम १९६६ च्या सुमारास अमेरिकेत नासासाठी, विमानाच्या आसनांकरता तयार झाला. उष्णता लागली की तो मऊ होतो आणि अंगाचा आकार धरतो, हा त्याचा गुण. आता आपल्याकडचा एप्रिल-मे डोळ्यांसमोर आणा. पारा ४२-४३ वर, पत्र्याची किंवा स्लॅबची खोली, रात्री अकरालाही भिंती गरम. त्या खोलीत हा फोम नेहमीपेक्षा जास्त खचतो, ऊब धरून ठेवतो, आणि रुतलेल्या अंगाला कूस बदलणं जड जातं. डिसेंबरच्या पहाटे तोच घट्ट लागतो. ज्यांच्याकडे रात्रभर एसी चालतो त्यांची गोष्ट निराळी. बाकीच्यांनी फार तर वरचा दीड-दोन इंचांचा थर मेमरी फोमचा घ्यावा. मला विचाराल तर पॉकेट स्प्रिंग (प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असलेली गादी) किंवा लॅटेक्स (रबराचा फोम) आपल्या हवेला जास्त सोसतं, कारण त्यातून वारा खेळतो. गादीवरचं प्लॅस्टिक मात्र पहिल्याच दिवशी काढा. नवी दिसावी म्हणून महिनोन्महिने ते तसंच ठेवलं तर घामानं चिकचिक होते आणि झोप पुरी होत नाही.

कापसाच्या गादीला मी वाईट म्हणणार नाही. नुकती पिंजून भरलेली, घट्ट टाके घातलेली गादी आपल्या उन्हाळ्यात छान लागते. अडचण नंतरची आहे. कापूस दबतो, गोळे होतात, मध्ये खळगा पडतो आणि आपण पुन्हा पिंजून घ्यायचं पुढच्या दिवाळीवर ढकलतो. पाठीचा त्रास असलेल्यानं दरवर्षी पिंजून घ्यायची तयारी ठेवावी, नाहीतर दुसरी गादी बघावी.

गादी बदलली, खालचा पलंग तसाच

ही चूक फार घरांत दिसते. नवारीचा पलंग मध्ये झोळला आहे, त्यावर नवी गादी टाकली. मग दोन महिन्यांत 'गादी बसली' म्हणून दुकानदाराशी भांडण. किंवा जुनी गादी टाकवत नाही म्हणून तिच्यावरच नवी. खालच्या खळग्याचा आकार वरची गादी घेतेच.

घरच्या घरी तपासून बघा. गादीच्या एका काठापासून दुसऱ्यापर्यंत दोरी ताणून धरा आणि मधोमध दोरीखाली किती बोटं जातात ते मोजा. आमच्या जुन्या गादीत चार बोटं उभी शिरली. दोन बोटं जायला लागली की माझ्या लेखी ती गादी पाठीच्या रुग्णाची राहिली नाही. मग गादी जमिनीवर टाकून पुन्हा मोजा. खळगा नाहीसा झाला तर दोष पलंगाचा, आणि एक प्लायवूड टाकून काम भागेल. लाकडी पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांत तीन इंचांपेक्षा जास्त फट नको. नवी गादी दर तीन महिन्यांनी डोक्याकडची बाजू पायाकडे फिरवा.

पलंगाची उंची आणि पहाटेचं पाणी

काठावर बसल्यावर पावलं पूर्ण टेकली पाहिजेत आणि गुडघे खुब्याच्या पातळीत हवेत. बुटक्या दिवाणावर चार इंची गादी टाकली तर उठताना कमरेला हिसका बसतो. उंच पलंगावर दहा इंची गादी टाकली तर उतरताना पाय लटकतात.

रात्रभर आडवं राहिल्यानं मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. म्हणूनच सकाळी माणूस सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच भरतो. त्या वेळी पुढे वाकणं त्यांना सर्वांत जड जातं. आणि आपल्याकडे काही दिवसांआड नळ येतो, तोही पहाटे आला की माणूस अंथरुणातून उठून थेट बादली आणि घागर उचलायला धावतो. मला दोनदा कळ आली ती याच वेळी, आणि दोन्ही वेळा मी दोष गादीला दिला होता. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हातानं रेटा देऊन बसा. पहिला तासभर वाकून वजन उचलू नका. पाणी दुसऱ्यानं भरावं, किंवा पाइप लावून पिंप भरून घ्यावं.

दुखण्याचं निदान न करता गादी बदलत राहणं

काही दुखणी गादीनं जाणारी नसतात आणि गादीच्या नादात वेळ जातो. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलता न येणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. कशीही कूस केली तरी रात्री दुखत राहतं, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतं, अशा वेळी मणक्याचा क्षयरोग नाही ना हे पाहावंच लागतं. त्याची औषधं सिव्हिलसारख्या सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. आणि चाळिशीच्या आतल्या माणसाची पाठ सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली राहते, विश्रांतीनं वाढते आणि हालचालीनं मोकळी होते, तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो. तेव्हा संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवावं.

पहिल्या आठवड्यात निकाल लावणं

जुन्या खळग्याची सवय झालेल्या अंगाला नवी गादी सुरुवातीला परकी लागते. दोन ते चार आठवडे द्या. पण घेतानाच परतीच्या अटी वाचून घ्या: किती दिवसांत परत, ने-आण कुणाच्या खर्चानं, कव्हरवर डाग पडला तर काय. बिल जपून ठेवा.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन आकडे लिहीत होतो, सकाळी उठल्यावर दुखणं दहापैकी किती आणि संध्याकाळी किती. नव्या गादीवर चौथ्या आठवड्यात सकाळचा आकडा सहावरून दोनवर आला होता. संध्याकाळचा पाचावरच अडकला होता. ते पान डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, गादी जमली आहे तुम्हाला, आता कारखान्यातली खुर्ची बघा.