क्लचचे काम शिकताना: इंदूरच्या गॅरेजमधून नव्या मेकॅनिकसाठी

आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून गॅरेजमध्ये येणाऱ्या मुलांना क्लचचे काम फार मोठे वाटते, कारण त्यासाठी गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. इंदूरमधल्या आपल्या मराठी घरांतली बरीच मुले पुढे पीथमपूरच्या वाहन कारखान्यांकडे वळतात. त्यांनीही त्याआधी हे काम गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने करावे, असे मला मनापासून वाटते. गिअरबॉक्स उतरवणे मेहनतीचे असले तरी अवघड नाही. अवघड आहे ते क्लच कशामुळे गेला हे ओळखणे, आणि ते न ओळखता नुसती नवी क्लच प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी, अस्तर लावलेली चकती) बसवली, तर तीच गाडी काही महिन्यांनी तीच तक्रार घेऊन परत येते.

खंडवा रस्त्याने ओंकारेश्वरला जाऊन येणाऱ्या गाड्यांबद्दल आमच्याकडे नेहमी एकच तक्रार येते: भेरूघाटाच्या चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी ओढत नाही. हे क्लच घसरत असल्याचे लक्षण आहे, तरी खात्री करून घ्यावी. मोकळ्या सपाट जागेत, गाडीच्या पुढेमागे कोणी नाही हे पाहून, हँडब्रेक पूर्ण ओढावा, तिसरा गिअर टाकावा आणि ॲक्सिलरेटर किंचित दाबून क्लच सावकाश सोडावा. क्लच धरत असेल तर इंजिन बंद पडते. ते चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. ही चाचणी पुन्हा पुन्हा करू नये, कारण तिने चांगला क्लचही तापतो. याउलट रिव्हर्स टाकताना गिअर करकरत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नसण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी आधी पेडलचे फ्री प्ले, म्हणजे क्लच सुटू लागण्याआधीची पेडलची मोकळी हालचाल, आणि केबल पाहावी, गाडी हायड्रॉलिक क्लचची असेल तर पेडलकडचा मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह सिलिंडर आणि फ्लुइडची पातळी तपासावी. केबल फार ताणलेली असेल तर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग सतत दाबलेले राहते आणि चांगली प्लेटही घसरू लागते, त्यामुळे घसरण्याच्या तक्रारीतही हे पाहणे सोडू नये. यांपैकी कित्येक गाड्यांचा गिअरबॉक्स उतरवण्याची गरजच पडत नाही, आणि ग्राहकाला तसे स्पष्ट सांगितले पाहिजे.

आवाजही ऐकायला शिकावे. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेले असताना आवाज येऊन दाबल्यावर तो थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे (क्लचकडून फिरणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग पाहावे.

उतरवण्याबद्दल थोडेच सांगतो, कारण त्याचा क्रम प्रत्येक गाडीत वेगळा असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये, स्टँड लावलेच पाहिजेत. बॅटरीची तार आधी काढावी आणि इंजिनाला खालून आधार द्यावा. गिअरबॉक्स काढताना किंवा बसवताना त्याचे वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळू देऊ नये, कारण त्याने प्लेटचे हब (मधला भाग) वाकते आणि नवा क्लचही पहिल्या दिवसापासून थरथरतो. बेल हाउसिंगमधली (क्लचभोवतीच्या आवरणातली) धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि ती सोडलीच पाहिजे. जुन्या प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांना घातक असते. ही धूळ ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने पुसावी.

खरे शिक्षण जुनी प्लेट हातात आल्यावर सुरू होते. रिव्हेटचे डोके अस्तराच्या पृष्ठभागापासून किती खोल आहे, हे व्हर्नियरने मोजावे. बऱ्याच लहान गाड्यांत ही खोली ०.३ ते ०.५ मिमीपर्यंत उतरली की प्लेट बदलावी लागते, पण नेमकी मर्यादा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच पाहावी. दोन्ही बाजू सारख्या झिजल्या असतील तर प्लेटने आपले आयुष्य पूर्ण केले असे समजावे. अस्तर तेलकट असेल तर मात्र थांबावे. तेल फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या टोकाला असलेल्या जड चाकाच्या) बाजूने आले असेल तर क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील, आणि रिलीज बेअरिंगच्या बाजूने आले असेल तर इनपुट शाफ्टचे सील तपासावे. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, त्यावरूनही ओळख पटते. सील न बदलता नवी प्लेट बसवणे म्हणजे ग्राहकाचे पैसे वाया घालवणे आहे. हबमधल्या स्प्रिंगा सैल आहेत का आणि प्लेट शाफ्टच्या खाचांवर अडखळल्याशिवाय सरकते का, हेही पाहावे. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे दिसले तर तो फार तापला होता. साधा फ्लायव्हील मर्यादेत लेथवर साफ करता येतो, मात्र अनेक डिझेल गाड्यांतला दोन भागांचा ड्युअल मास फ्लायव्हील सहसा बदलावाच लागतो. क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या डायफ्रामची (गोल स्प्रिंगची) बोटे एका पातळीत नसतील तर ती प्लेट पुन्हा वापरू नये.

रिलीज बेअरिंग हाताला गुळगुळीत लागले तरी मी ते बदलतोच, कारण त्याच्या किमतीपेक्षा गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवण्याची मजुरी कितीतरी अधिक पडते. ते पेट्रोलमध्ये धुऊ नये, आतले ग्रीस निघून जाते.

नवी प्लेट बसवताना तिच्यावरची फ्लायव्हीलच्या बाजूची खूण पाहावी, डमी शाफ्टने (इनपुट शाफ्टसारख्या नकली दांड्याने) ती मध्यभागी आणावी आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करून, शेवटी टॉर्क पान्याने आवळावे. प्रेशर प्लेटवरचे गंजरोधक तेल आधी पुसून घ्यावे. खाचांना ग्रीसचा अगदी पातळ थर पुरतो, जास्तीचे ग्रीस फिरताना उडून अस्तरावर जाते. शेवटी फ्री प्ले मापात आणावे, हायड्रॉलिक यंत्रणा उघडली असेल तर तिच्यातली हवा काढावी, आणि गाडी स्वतः चालवून प्रत्येक गिअर, विशेषतः रिव्हर्स, टाकून पाहावा. गाडी देताना जुनी प्लेट ग्राहकाच्या हातात ठेवून झिजेचे कारण त्याला दाखवावे, आणि पहिले काही शे किलोमीटर चढावर हाफ क्लचवर (पेडल अर्धवट दाबून) गाडी धरून ठेवू नये, त्याऐवजी हँडब्रेक वापरावा, असे त्याला सांगावे.