वेबसाइट लाइव्ह करताना या चुका टाळा

‘डोमेन घेतलं, पैसे भरले, तरी साइट का दिसत नाही?’ असं विचारणाऱ्याने बहुतेक वेळा होस्टिंग घेतलेलंच नसतं. डोमेन म्हणजे नुसतं नाव. फाइली राहतात होस्टिंगच्या सर्व्हरवर, आणि या नावासाठी कुठल्या आयपी पत्त्यावर जायचं ते सांगतं डीएनएस. हे तिन्ही तीन वेगळ्या कंपन्यांकडे असू शकतं. म्हणून काही बिघडलं की हाताला येईल ते बदलत सुटू नका, आधी एरर नीट वाचा. ब्राउझरला सर्व्हरच सापडत नसेल तर डोमेन किंवा डीएनएस तपासा. ४०४ आला तर सर्व्हर सापडलाय, तुम्ही मागितलेली फाइल तिथे नाही. ४०३ आला तर बहुधा फोल्डरमध्ये इंडेक्स फाइल (साइटचं पहिलं पान) नाही किंवा परमिशन, म्हणजे फाइल कुणी वाचायची-बदलायची याच्या परवानग्या, चुकल्यात.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे न बघता नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या डीएनएस नोंदी ठेवणारा सर्व्हर, बदलणं. प्रकार नेहमी सारखाच असतो. साइट नव्या होस्टिंगवर न्यायची असते. नवा होस्ट दोन नेमसर्व्हर देतो, शुक्रवारी संध्याकाळी ते डोमेनच्या पॅनेलमध्ये टाकले जातात, रात्री नवी साइट दिसते आणि काम झालं असं सगळे धरून चालतात. सोमवारी कळतं की दोन दिवसांत एकही ईमेल आलेला नाही. नेमसर्व्हर बदलला की त्या डोमेनच्या सगळ्याच नोंदी नव्या जागेवरून वाचल्या जातात. ईमेल कुठे पोचवायचा हे सांगणारे एमएक्स रेकॉर्ड आणि मेल खरंच तुमच्याकडून आलाय हे पटवणारे एसपीएफ, डीकेआयएमचे टीएक्सटी रेकॉर्ड जुन्या ठिकाणीच राहिलेले असतात. त्यातून पुष्कळ होस्टिंग पॅनेल स्वतःचाच एमएक्स आपोआप लावून ठेवतात. मग मेल परतही जात नाहीत, कुणी कधी न उघडलेल्या मेलबॉक्सात पडून राहतात. घाबरून नेमसर्व्हर परत फिरवला तरी लगेच सुटका नाही, कारण डॉट कॉमच्या नेमसर्व्हर नोंदींचा टीटीएल (एकदा वाचलेली नोंद किती वेळ साठवून वापरायची तो काळ) १,७२,८०० सेकंद, म्हणजे पूर्ण दोन दिवस असतो.

फक्त साइट हलवायची असेल तर नेमसर्व्हरला हातच लावू नका. मूळ डोमेनचा ए रेकॉर्ड, म्हणजे आयपी पत्ता सांगणारी नोंद, बदला आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूची नोंद तपासा, तेवढं पुरतं. त्याआधी टीटीएल बघा. तो ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस, असेल तर किमान २४ तास आधी ३०० करून ठेवा. ऐन वेळी कमी करून उपयोग नाही, कारण जुना आकडा जगभरच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, बसलेला असतो. नेमसर्व्हर बदलणं भागच असेल तर आधी ए, सीनेम, एमएक्स, टीएक्सटी अशा सगळ्या नोंदी उतरवून नव्या झोनमध्ये, म्हणजे नव्या नेमसर्व्हरवरच्या नोंदींच्या यादीत, भरा. मग एनएसलुकअप या कमांडने थेट नव्या नेमसर्व्हरलाच विचारून एकेक उत्तर पडताळा, आणि त्यानंतरच बदल करा. अर्ध्या तासाचं काम आहे. ते वाचवणारे नंतर दोन दिवस फोन घेत बसतात. जुनं होस्टिंगही आठवडाभर तरी बंद करू नका.

‘माझ्या कॉम्प्युटरवर फोटो दिसतात, सर्व्हरवर नाही’ ही तक्रारही रोजचीच. विंडोज फाइलच्या नावातली कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं सारखी मानतं, लिनक्स मानत नाही, आणि बहुतेक होस्टिंग लिनक्सवर चालतं. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलचं एक्स्टेन्शन कॅपिटल, कोडमध्ये लिहिलेलं स्मॉल, की फोटो गायब. फाइलींची नावं पहिल्या दिवसापासून स्मॉल अक्षरांत ठेवा आणि स्पेसऐवजी हायफन वापरा. कोडमध्ये सी ड्राइव्हपासून सुरू होणारा पाथ राहिला असेल तर तो तुमच्या मशीनबाहेर कुठेच चालणार नाही.

अपलोड केलेली झिप सर्व्हरवर उघडल्यावर इंडेक्स फाइल पब्लिक_एचटीएमएल या साइटच्या मुख्य फोल्डरमध्ये थेट आहे ना, ते बघा. पुष्कळदा ती आणखी एका फोल्डरच्या आत जाऊन बसते.

परमिशनची अडचण आली की ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, देऊन मोकळं होण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. कृपा करून तो ऐकू नका. त्याने सर्व्हरवरच्या कुठल्याही युजरला तुमच्या फाइलीत लिहिता येतं. फोल्डरला ७५५, फाइलला ६४४ द्या. त्यावर चालत नसेल तर बहुधा फाइलचा मालक चुकीचा आहे, तो दुरुस्त करा.

साइट सुरक्षित एचटीटीपीएसवर चालवणारं एसएसएल सर्टिफिकेट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय, दोन्ही नावांसाठी हवं. ते लावूनही ब्राउझर कुरकुरत असेल तर पानात कुठेतरी साध्या, असुरक्षित एचटीटीपीने येणारा फोटो किंवा स्क्रिप्ट शोधा.

बदल दिसत नसेल तर फाइल पुन्हा पुन्हा अपलोड करण्याआधी इनकॉग्निटो विंडोत उघडून बघा, ब्राउझर साठवलेली जुनी प्रत दाखवत असू शकतो.

टेस्टिंगच्या वेळी सर्च इंजिनांना अडवणारी रोबोट्स फाइल किंवा नोइंडेक्स टॅग लाइव्ह करताना काढा.

आणि डोमेनच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका. डोमेनची मुदत संपली की तो ईमेलही बंद पडतो, मग नूतनीकरणाची सूचना किंवा पासवर्ड बदलण्याची लिंक तुमच्यापर्यंत पोचतच नाही.