अमेरिकी कथांमधली गरिबी वाचताना या चुका टाळा

ओ. हेन्रीची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' (१९०५) बहुतेकांना केस आणि घड्याळाची गोष्ट म्हणून आठवते. एकमेकांना नाताळची भेट द्यायला डेलाने केस विकले, तिचा नवरा जिम याने घड्याळ विकलं, आपले डोळे पाणावले, झालं. कथेतले आकडे मात्र आपण खुशाल गाळून पुढे जातो, आणि पहिली चूक तीच.

पुन्हा वाचताना हातात पेन्सिल घ्या आणि प्रत्येक आकड्याखाली रेघ मारा. डेलाकडे १ डॉलर ८७ सेंट आहेत, तेही वाणी, भाजीवाला आणि खाटकाशी हुज्जत घालून साठवलेले. घरभाडं आठवड्याला ८ डॉलर. जिमचा पगार आधी आठवड्याला ३० डॉलर होता, आता २०. म्हणजे पगारातले ४० टक्के भाड्यातच गेले. केसांचे आले २० डॉलर, बरोबर नवऱ्याचा एका आठवड्याचा पगार. जिमसाठी घेतलेली घड्याळाची साखळी २१ची.

सगळ्यात बोचरा तपशील खाली दारापाशी आहे. पत्रपेटीत पत्र शिरत नाही, बेल कुणाच्या बोटाने वाजत नाही, पण जिमच्या पूर्ण नावाची पाटी आहे: 'मिस्टर जेम्स डिलिंगहॅम यंग'. तीस डॉलरच्या दिवसांत ऐटीत मिरवलेलं ते मधलं नाव आता अंग चोरून नुसतं 'डी' व्हायला बघतंय. हे जोडपं पिढीजात गरीब नाही, ते पांढरपेशा पायरीवरून घसरतंय. नुसती प्रेमकथा म्हणून वाचली की ही घसरण दिसतच नाही.

दुसरी चूक हिशेबाचीच: डॉलरचे आजच्या भावाने रुपये करणं. १ डॉलर ८७ सेंटचे रुपये काढून काहीच हाती लागत नाही. रक्कम कथेतल्याच मजुरीशी ताडून बघा. मेल्व्हिलच्या 'बार्टलबी'त (१८५३) वॉल स्ट्रीटवरच्या वकिलाच्या कचेरीत शंभर शब्दांची नक्कल करायला ४ सेंट मिळतात. एका डॉलरसाठी अडीच हजार शब्द, हाताने. तिथला बारा वर्षांचा पोऱ्या आठवड्याला एका डॉलरवर राबतो. हा हिशेब मांडला की तिथल्या नक्कलनवीस बार्टलबीचा कामाला दिलेला नम्र नकार निव्वळ विक्षिप्तपणा वाटत नाही. शिवाय गोष्ट सांगतोय कोण? मालक. गडगंज जॉन जेकब अ‍ॅस्टरचं नाव उच्चारायला आवडतं, हे तो स्वतःच कबूल करतो. त्याच्या दयाळूपणावर लगेच विश्वास टाकू नका.

वर्ग वेगळा, वंश वेगळा, असे दोन कप्पे करणं ही तिसरी चूक. फॉकनरच्या 'बार्न बर्निंग'मधला (१९३९) अ‍ॅबनर स्नोप्स बटाईने शेती करणारा गोरा. मालकाचा १०० डॉलरचा गालिचा तो नासवतो आणि मालक २० बुशेल (धान्याचं एक माप) मका दंड लावतो. न्यायाधीश तो १०वर आणतो. पण त्याआधीचं बघा. हवेलीच्या दारात काळा नोकर त्याला पाय पुसायला सांगतो, तर हा त्याला ढकलून आत घुसतो. बाहेर पडल्यावर मुलाला म्हणतो की ही हवेली काळ्यांच्या घामाची आहे, आता मालकाला त्यात गोरा घामही मिसळायचा असेल. त्याला व्यवस्था नीट कळलीय, तरी राग आधी त्या नोकरावरच निघतो. माझ्या मते कथेचा गाभा इथे आहे, शीर्षकातल्या कोठाराच्या आगीत नाही.

शेवटची चूक भाषांतर करणाऱ्यांची. टोनी केड बंबाराच्या 'द लेसन'मधली (१९७२) सिल्व्हिया काळ्या वस्तीतली तिखट जिभेची मुलगी. तिची बोली मराठीत आणताना हात आपोआप ग्रामीण वळणाकडे जातो, आणि न्यूयॉर्कची पोरगी बांधावर उभी राहते. ती पक्की शहरी आहे. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूच्या खेळण्यांच्या दुकानात ११९५ डॉलरचं शिडाचं जहाज बघून ती भडकते, पण तिचा हिशेब त्याआधीच सुरू झालेला असतो. टॅक्सीचे होतात ८५ सेंट, हातात मुलांना फिरायला आणणाऱ्या मिस मूर बाईंनी दिलेली पाचाची नोट. टिप किती द्यावी, यावर ती जरा घुटमळते आणि ठरवते, त्याच्यापेक्षा मला जास्त गरज आहे. हे वाक्य गल्लीतल्या पोरीच्या तोंडी कसं येईल, ते आधी मोठ्याने म्हणून बघा.