‘पाठ छान झाला’ लिहू नका: सराव पाठाच्या प्रत्याभरणातल्या या चुका टाळा

सहावीचा वर्ग, दशांश अपूर्णांक. सराव पाठ घेणाऱ्या छात्राध्यापिकेनं, म्हणजे शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घेणाऱ्या मुलीनं, विचारलं, “०.३५ मोठं की ०.५?” पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “०.५.” शाब्बासकी मिळाली आणि पुढचं उदाहरण फळ्यावर आलं. मी निरीक्षणाला शेवटच्या बाकावर होते. शेजारच्या मुलानं वहीत ०.३५ ला गोल केला होता. “का रे?” “पाचापेक्षा पस्तीस मोठे ना, बाई.” त्या रांगेतल्या सहापैकी चौघांच्या वहीत तोच गोल.

संध्याकाळी तिची चिंतन वही पाहिली: ‘पाठ छान झाला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.’ मागची पानं उलटली, तर सात पाठांखाली हेच वाक्य.

मी रागावले नाही, पण तोच घटक तिला दुसऱ्या तुकडीवर पुन्हा घ्यायला लावला. सुरुवात मागच्या बाकापासून करायची आणि उत्तर बरोबर आलं तरी “कसं ठरवलंस?” विचारायचं, एवढंच सांगितलं. तिथंही तोच पस्तीस निघाला. मग तिनं शंभर चौकटींचा तक्ता काढून ०.५ म्हणजे पन्नास शतांश हे रंगवून दाखवलं. त्या दिवशी वहीत दोन पानं भरली, बहुतेक मुलांच्याच वाक्यांनी.

माझी स्वतःची सवय सांगते. शाळेतून निघण्याआधी मुलांची तीन उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहायची, आणि त्यातलं एक तरी चुकलेलं हवं. रात्रीवर ढकललं की आठवतं ते फक्त आपलं बोलणं. जमा करायच्या आदल्या रात्री एका बैठकीत भरलेली वही मला पहिल्या पानावरच ओळखू येते.

दुसरी चूक पुनराध्यापन, म्हणजे तोच पाठ सुधारून पुन्हा घेणं, गाळण्याची. सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे छोट्या पाठातून एकेक कौशल्य सरावण्याचं, चक्र ३६ मिनिटांचं: ६ अध्यापन, ६ प्रत्याभरण (पाठावरचे शेरे), १२ पुनर्नियोजन, ६ पुनराध्यापन, ६ पुन्हा प्रत्याभरण. घाईतले छात्राध्यापक पहिल्या बारा मिनिटांतच सही मागतात. सर्वांत जास्त वेळ पुनर्नियोजनाला दिलाय तो उगाच नाही. शेरा ऐकून तो पाठात उतरवला नाही, तर पुढच्या पाठाला मी तोच शेरा पुन्हा लिहिते.

मित्राच्या पाठावर ‘आवाज स्पष्ट, फलक लेखन सुंदर’ लिहू नका. किती मुलं बोलली ते मोजून सांगा.

शेरा मिळताच खुलासा करू नका. आधी उतरवून घ्या.

पाच शेरे मिळाले तर पुढच्या पाठाला एकच घ्या.

आणि मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन एकदा मोबाईलवर स्वतःचा फक्त आवाज टिपा. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, असं अमेरिकेतल्या शिक्षण संशोधक मेरी बड रो यांना वर्गांच्या ध्वनिफितींत आढळलं होतं. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली. आपला थांबा घड्याळ लावून मोजा आणि तो आकडा पुढच्या पाठाच्या टाचणाच्या (लेखी आराखड्याच्या) कोपऱ्यात लिहा.