फायटरसाठी टाकी घ्यायला जाताय? टेप सोबत न्या

माझं शिलाईचं काम. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत दोन मशिनी, कटिंगचं टेबल आणि गिऱ्हाइकांसाठी पुरुषभर उंचीचा आरसा. गळ्यात सकाळपासून रात्रीपर्यंत टेप. तरी घरात पहिला फायटर मासा आला तेव्हा त्याचं भांडं मोजून बघावं हे मला सुचलं नाही, आणि ते त्या माशाच्या जिवावर बेतलं.

लेकीला वाढदिवसाला मैत्रिणींनी दिला होता. निळाशार, शेपटीला घागऱ्यासारखा घेर. सोबत गोल काचेचा बाऊल. दुकानदारानं मुलींना सांगितलेलं, "फायटर हाय, ग्लासात ठेवला तरी जगतोय." डिसेंबर चालू होता. आठ-दहा दिवस बरा होता, मग पर मिटून तळाशी बसायला लागला. खाणं सोडलं. जानेवारीतल्या एका थंड सकाळी गेला. लेक त्या दिवशी न जेवता शाळेला गेली. नंतर बाऊल घासून ठेवताना मी लिटरच्या बाटलीनं पाणी ओतून बघितलं. अडीच बाटल्यांत तो काठोकाठ भरला.

त्यानंतर वर्षभर विचारत, वाचत, लोकांच्या टाक्या बघत जे समजलं ते लिहितेय. आता आमच्याकडे दुसरा फायटर आहे, लालभडक. लेकीनं त्याचं नाव पैलवान ठेवलंय आणि त्याला आमच्याकडे तिसरं वर्ष चालू आहे.

पहिल्यांदा ते ग्लासाचं. हा मासा मूळचा थायलंडकडचा, शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेन्डेन्स. भाताच्या खाचरात, दलदलीत, संथ उथळ पाण्यात राहणारा. कल्ल्यांशिवाय त्याच्या डोक्यात हवा घ्यायचा आणखी एक अवयव असतो, म्हणून तो वर येऊन तोंडानं हवा घेतो आणि कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही तग धरतो. एवढ्यावरून लोकांनी ठरवलं की याला पाणी थोडंच लागतं. माझं माहेर गगनबावड्याकडचं, भाताचं खाचर मी पायानं ओळखते. पाणी पोटरीलाही लागत नाही, हे खरं. पण पसरलंय किती ते बघा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यात चार इंच पाणी धरलं तरी दहा हजार लिटरच्या वर जातं. उथळ असणं आणि थोडं असणं यात हा फरक आहे, आणि टाकी निवडताना सगळं इथंच येऊन थांबतं: पाणी कमी खोल चालेल, पसारा पाहिजे.

दुकानात टाकीच्या नावानं फसू नका. "फायटर टँक", "बेट्टा क्यूब" असं लिहिलेलं असतं आणि आत पाणी किती मावतं ते लिहिलेलं नसतं. टेप काढा. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची इंचात घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि ६१ नं भागा. येईल ते लिटर. माप आतून घ्यायचं, बाहेरून घेतलं तर काचेची जाडीही पाण्यात धरली जाते. सहा इंची क्यूब दिसायला फार गोंडस असतो, पण सहा गुणिले सहा गुणिले सहा भागिले ६१ म्हणजे साडेतीन लिटर. आमच्या बाऊलपेक्षा एक बाटली जास्त. मनोऱ्यासारखी उभी टाकी मिळते, आठ बाय आठ आणि उंची सोळा इंच. तिचं उत्तर जवळजवळ सतरा लिटर येतं, आकडा बरा वाटतो, पण माझ्या मते फायटरसाठी ती चुकीची. त्याला आडवं फिरायला आठच इंच मिळतात आणि प्रत्येक श्वासाला सोळा इंच चढून यायचं. हाफमून म्हणजे अर्ध्या चंद्रासारख्या घेरदार शेपटीचा फायटर असेल तर तो ते वजन ओढत वर येणार. म्हातारपणी तर त्याचे हालच.

मी घेतली ती १८ बाय १० बाय १०. वर दीड इंच जागा सोडून पाणी भरायचं, म्हणजे साडेआठ इंच उंची. काच आणि तळाची खडी वजा जाता वीस लिटरच्या वर पाणी राहतं. एका फायटरला हे माप छान बसतं. जागा अगदीच नसेल तर १२ बाय १० बाय १० पर्यंत खाली या, त्यात पंधरा-सोळा लिटर मावेल. त्याच्याही खाली कुणी विचारलं तर मी मासा घेऊ नका म्हणून सांगते.

वीस लिटरचा हट्ट का, तर मासा खातो आणि घाण पाण्यातच करतो. त्या घाणीतून अमोनिया होतो, आणि तो माशाला विष. तेवढीच घाण अडीच लिटरमध्ये पडली तर वीस लिटरच्या आठपट कडक. दुसरं कारण थंडी. आपलं कोल्हापूर तसं सुखाचं, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पंधराच्या आसपास येतो. थोडं पाणी रातोरात गार होतं आणि दुपारी पुन्हा तापतं. याला लागतं २४ ते २८ अंश, तेही एकसारखं. नव्या टाकीत मी हीटरशिवाय एका जानेवारीच्या सकाळी थर्मामीटर बघितला, तेव्हा अजून त्यात मासा नव्हता. १९ दाखवत होता. पहिला का गेला ते तिथं उभ्या उभ्या कळलं.

म्हणून टाकी अशी घ्या की तिच्यात हीटर मावेल. गोल बाऊलमध्ये तो नीट बसतच नाही. वीस-पंचवीस लिटरला ५० वॉटचा, आपोआप बंद-चालू होणारा, पूर्ण बुडवायचा हीटर पुरतो. २६ वर लावा, पण त्याच्या आकड्यावर विसंबू नका. दुसऱ्या टोकाला वेगळा थर्मामीटर ठेवा. आमच्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो लागतो, आणि जुलै-ऑगस्टच्या झडीतही पाणी गार पडतं तेव्हा लावते. पाणी काढायच्या आधी हीटरची पिन बोर्डातून काढायची, कारण पाण्याबाहेर तापलेला हीटर तडकतो. वायर बोर्डाकडे सरळ नेऊ नका, खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी बोर्डात न जाता खाली पडतं.

फिल्टर स्पंजाचा, छोट्या एअर पंपावर चालणारा. पाणी जोरानं फेकणारी मोटर या माशाला सोसत नाही, शेपटी त्या धारेत फरफटते. पंप टाकीच्या पाण्यापेक्षा उंच ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं पंपात उतरतं. पंप खाली ठेवावाच लागला तर नळीला पाणी अडवणारा छोटा व्हॉल्व्ह येतो, तो बसवा.

आता काच. टाकी तयार घ्या किंवा काचवाल्याकडून करून घ्या. मी करून घेतली. दहा इंच उंचीला पाच मिलिमीटर काच भरपूर झाली. कडांची धार घासून घालवलेली आहे का ते बोट फिरवून नाही, कापडाचा तुकडा फिरवून बघा. आतल्या कोपऱ्यातून सिलिकॉनची रेघ सलग पाहिजे, मधेच बुडबुडा किंवा तुटकपणा नको. शिलाईत एक टाका सुटला की पुढं उसवत जातं, तसंच ते. नव्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तो जाईपर्यंत पाणी भरायचं नाही. मग घरात आणायच्या आधी गच्चीवर किंवा अंगणात सपाट जागी दोन दिवस भरून ठेवा, खाली वर्तमानपत्र. कागद कोरडा राहिला की आत घ्या. जुनी टाकी स्वस्तात मिळत असेल तर ही परीक्षा आणखीच गरजेची.

जागेचं मी आधी ठरवायला हवं होतं. भरलेली टाकी पस्तीस किलोच्या पुढं जाते, एकदा मांडली की हलत नाही आणि भरलेली हलवायचीही नाही. माझी पहिली जागा कटिंग टेबलाची. शेजारच्या मशिनीची मोटर चालू झाली की पाण्यावर बारीक लहरी उठायच्या आणि पैलवान कोपऱ्यात जायचा. मग समोरच्या भिंतीला लाकडी स्टूलवर नेली, तर समोर आरसा. आरशात दुसरा फायटर दिसला की हा कल्ले फुगवून, पर ताणून उभा. दिवसभर तेच. एक-दोन मिनिटं ठीक, पण दिवसभर म्हणजे त्याला छळच. शेवटी खोलीच्या आतल्या कोपऱ्यात, आरशाकडं पाठ करून ठेवली आणि मागच्या काचेला बाहेरून काळा कागद चिकटवला. आता निवांत असतो. काचेखाली थर्माकोलची शीट घाला, म्हणजे लाकडाचा उंचसखलपणा काचेला बाधत नाही.

पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका. एप्रिलच्या उन्हात पाणी तापतं आणि काचा हिरव्या शेवाळानं भरतात. स्वयंपाकघर नको. देवघराजवळही नको. हा मासा खोलीतली हवा पाण्यावर येऊन घेतो, आणि पंपही तीच हवा आत ढकलतो. फोडणीचा खाट, उदबत्तीचा धूर, सगळं त्याच्यापर्यंत जातं. डासाचा स्प्रे तर त्या खोलीत मारायचाच नाही, माशांसाठी तो जहर आहे.

झाकण लागतंच. फायटर उडी मारतो, रात्री आपण झोपल्यावरही. मी काचेचंच झाकण करून घेतलं, वायरी आणि नळीसाठी एक कोपरा कापून. पाणी आणि झाकण यांच्यात ती दीड इंच हवा राहू द्या. झाकणामुळं तिथली हवाही ऊबदार राहते आणि थंडीत त्याला गार श्वास घ्यावा लागत नाही.

आत काय घालायचं यात माझा धंदा कामाला आला. दुकानातली प्लास्टिकची झाडं, किल्ले, पूल घ्यायच्या आधी माझ्याकडचा शिफॉनचा कातरण तुकडा मी त्यावरून फिरवते. धागा अडकला तर शेपटीही फाटणार, ती वस्तू परत. खऱ्या वनस्पती उत्तम. अनुबियास आणि जावा फर्नला कमी उजेड चालतो, दगडाला दोऱ्यानं बांधल्या की झालं. वरच्या पाण्याजवळ एखादं रुंद पान असू द्या, पैलवान त्यावर टेकून झोपतो. आणि बदामाचं वाळकं पान, आपल्याकडं कितीतरी अंगणांत पसरट फांद्यांचं ते झाड असतं, ज्याचं पान लाल होऊन गळतं. फवारणी नसलेल्या झाडाचं गळलेलं, पूर्ण वाळलेलं पान धुऊन एखादं टाकायचं. पाणी चहाच्या रंगावर जातं, घाबरू नका. मूळच्या पाण्यातही असंच पानांचं पाणी असतं आणि फायटरला ते मानवतं.

टाकी आली म्हणून त्याच संध्याकाळी मासा आणू नका. अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंजात वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर फिल्टर चालू ठेवायचा, दोन-तीन दिवसांनी चिमूटभर खाद्य टाकायचं आणि पाणी तपासायचं किट मिळतं त्यानं तपासायचं. अमोनिया आणि त्यापासून होणारं नायट्राइट, दोन्ही शून्य आले की टाकी तयार. ओळखीत कुणाची जुनी निरोगी टाकी असेल तर तिथला वापरलेला स्पंज मागा, काम लवकर होतं. तो स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीननं जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळायचा, नंतरही नेहमी तसाच.

महापालिकेचं पाणी वापरताना क्लोरीन घालवावं लागतं. अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात, मी सोबत बादली उघडी ठेवून एक दिवस जाऊ देते. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा गाळून घेते. २०१९ च्या महापुरात शहराचा पाणीपुरवठा दिवसेंदिवस बंद होता हे आपण सगळ्यांनी भोगलंय, त्यामुळं जून ते सप्टेंबर एक जास्तीची बादली माशाच्या नावानं झाकून भरलेली असते. माणसांना पाणी नसताना माशासाठी कुणाकडं मागायचं?

मासा एकच. दोन नर तर एकमेकांना फाडतात, आणि एवढ्या टाकीत नर-मादीही एकत्र नको. घरी आणल्यावर पिशवी तशीच बंद पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग टाकीतलं थोडं थोडं पाणी पिशवीत घाला, आणि मासा जाळीनं उचलून सोडा. दुकानाचं पाणी टाकीत ओतू नका. त्या रात्री दिवा बंद. पहिल्या दिवशी खाल्लं नाही तरी चालतं.

आमच्याकडं शनिवारी रात्री बादली भरून ठेवते. रविवारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा लेक नळीनं तळातली घाण ओढत पाच लिटर पाणी काढते आणि मी शिळं पाणी ओतते, गार वाटलं तर तांब्याभर कोमट मिसळून, बोट बुडवून आधी सारखं झालंय का बघून. पैलवान तोवर पानावरून उठून नळीच्या तोंडाशी येतो, त्याला बाजूला सारायचं काम लेकीचं. काढलेलं पाणी तुळशीला.