आबांच्या पेन्शनमधलं 'हवालदार' दुरुस्त झालं

आबा १९९८ साली लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि त्यांना मानद नायब सुभेदार हा वरचा, सन्मानाचा हुद्दा मिळाला. पेन्शन मात्र हवालदाराचीच येत राहिली. सहाव्या वेतन आयोगानंतर मानद नायब सुभेदारांना नायब सुभेदाराच्या वेतनावर पेन्शन देण्याचं ठरलं, पण १ जानेवारी २००६ पासून पुढे निवृत्त होणाऱ्यांनाच. आधीच्यांना ती न्यायालयीन लढाईनंतर मिळाली.

मी आधी बँकेत खेटे घातले, ते वाया गेले. बँक पीपीओत, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशात, लिहिलेलं असे तेवढंच द्यायची. आबांच्या पीपीओवर मानद हुद्द्याचा उल्लेखच नव्हता! लष्कर सोडताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकात मात्र, घडीवर फाटत आलेल्या पानावर, ती नोंद शाईत स्पष्ट होती. त्या पानाची आणि पीपीओची साक्षांकित प्रत जोडून मी रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला. तिथून प्रकरण प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयात गेलं आणि सुधारित पीपीओ निघाला. ग्रॅच्युइटी वाढत नाही, फरक फक्त पेन्शनचा मिळतो.

नवा पीपीओ आला तेव्हा आबांनी चष्मा पुसून हुद्द्याची ओळ दोनदा वाचली. रक्कम नंतर विचारली.