बीच रिसॉर्टवर दोघांनी एक निवांत दिवस कसा घालवायचा

रिसॉर्टवर एकच अख्खा दिवस हातात असला की सगळंच करावंसं वाटतं, स्नॉर्कलिंग, कयाक, मसाज, पूल, सनसेटचे फोटो, आणि रात्री रूमवर येईपर्यंत दोघंही एवढी दमतात की एकमेकांशी धड बोलणंसुद्धा होत नाही. आमच्या पहिल्या ट्रिपला अगदी असंच झालं होतं. तेव्हापासून आम्ही ठरवलंय की दिवसभरात करायची गोष्ट एकच, आणि ती कधी करायची ते ऊन आणि भरती-ओहोटी बघून.

आदल्या रात्री रिसेप्शनवर विचारून घ्या, उद्या भरती कधी आणि ओहोटी कधी. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, त्यामुळे रोजची वेळ जवळपास 50 मिनिटं पुढे सरकते, कालच्या वेळेवर विसंबून राहू नका. उथळ किनारा असेल तर ओहोटीला पाणी इतकं आत जातं की पोहायचं म्हटलं तर आधी गुडघाभर पाण्यातून दगड आणि कोरल (प्रवाळ) चुकवत चालावं लागतं (कोरल जिवंत असतं, त्यावर पाय देऊच नका, तेही तुटतं आणि आपला पायही कापतो). पोहायचं ते भरतीच्या आसपास, आणि लांबवर चालत जायचं ते ओहोटीला, तेव्हा ओली वाळू घट्ट असते आणि पाय रुतत नाहीत.

सकाळी लवकर उठा, सुट्टी असली तरी. जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि पाणी खवळायला लागतं, त्याआधीचे दोन-तीन तास बऱ्याचदा पाणी एकदम शांत असतं. कयाक किंवा स्नॉर्कलिंग, जे काही एक ठरवलं असेल ते याच वेळात उरकून घ्या.

आता सनस्क्रीन, आणि याबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे. एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं ते सांगणारा बाटलीवरचा आकडा) 30 असेल तर ते साधारण 97 टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारी अतिनील किरणं अडवतं आणि 50 साधारण 98 टक्के, म्हणजे आकड्यात फार फरक नाही, फरक पडतो तो आपण किती लावतो त्यात, आणि बहुतेक जण फारच कमी लावतात. बाहेर पडायच्या 15-20 मिनिटं आधी रूममध्येच एकमेकांच्या पाठीला लावा. घाईत लावलं की दोन खांद्यांच्या मधली जागा हमखास राहते, संध्याकाळी तिथे लाल पट्टा उमटतो आणि त्याच्या कडेला बोटं जिथे थांबली त्याचे ठसेसुद्धा दिसतात. कान, मानेची मागची बाजू, पावलं, गुडघ्यांच्या मागे, हे सगळं विसरू नका. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर परत लावायचं. पाण्यात असलो की ऊन लागत नाही असं वाटतं पण अर्धा मीटर खालीसुद्धा वरच्या यूव्हीच्या 40 टक्के पोचतं. माझा नवरा एकदा दीड तास उघड्या अंगाने स्नॉर्कलिंग करत होता, दुपारी काहीच जाणवलं नाही कारण लाली यायला काही तास लागतात, आणि रात्री त्याला पाठ टेकवता येईना, मी पहाटेपर्यंत गार पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसले होते. तेव्हापासून पाण्यात जाताना दोघंही पूर्ण बाह्यांचा स्विमिंग टीशर्ट घालतो, क्रीमही कमी लागतं. आणि क्रीम घेताना झिंक ऑक्साइडवालं बघा, ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही काही सनस्क्रीनमधली रसायनं कोरलला घातक ठरू शकतात म्हणून अमेरिकेतल्या हवाई राज्याने तर ती असलेल्या सनस्क्रीनची विक्री 1 जानेवारी 2021 पासून बंद केली.

पाण्यात उतरायच्या आधी झेंडे बघा. लाल-पिवळा म्हणजे त्या भागावर लाईफगार्डचं लक्ष आहे, तिथेच पोहा. लाल म्हणजे धोका, दोन लाल झेंडे म्हणजे पाण्यात जायचंच नाही. लाटा फुटतायत आणि मध्येच एक पट्टा गुळगुळीत, शांत दिसतोय, तो बघून तिथेच उतरावंसं वाटतं पण बरेचदा तिथूनच पाणी आत ओढत असतं. ओढलं गेलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका, दमछाक होते, किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्यातून बाहेर पडा, नाही जमलं तर तरंगत राहा आणि हात वर करा. आणि हे दोघांनी आधीच बोलून ठेवा की एक जण अडकला तर दुसऱ्याने मागे उडी मारायची नाही, लाईफगार्डला ओरडून बोलवायचं, हाताशी तरंगणारं काही असेल तर ते फेकायचं. आपलं माणूस पाण्यात असताना काठावर थांबणं किती अवघड असतं ते कळतं मला, म्हणूनच आधी ठरवलेलं बरं.

आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की सरळ सावलीत जा, साधारण 10 ते 4. हा वेळ रिकामाच ठेवा. इथे जोडप्यांची गंमत अशी होते की एकाला झोपायचं असतं आणि दुसऱ्याला पुस्तक वाचायचं असतं, आणि दोघंही एकमेकांसाठी मन मारत बसतात. तसं करू नका, तो झोपतो, मी वाचते, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, आणि खरं सांगते, ट्रिपमधला मला सगळ्यात आवडणारा वेळ तोच असतो. पाणी मात्र पीत राहा, तहान लागायची वाट बघू नका. हॅमॉक असेल तर त्यात तिरकं झोपायचं, पाठ बऱ्यापैकी सपाट राहते, आणि झोपायच्या आधी वर बघून घ्या, नारळाने लगडलेलं झाड नको.

सनसेटला फोटो काढायचे असतील तर फोन किंवा कॅमेरा अर्धा तास आधी एसीतून बाहेर आणून बॅगेतच बंद ठेवा, नाहीतर दमट हवेत लेन्सवर वाफ धरते आणि ती पुसेपर्यंत सूर्य गेलेला असतो. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळपास सरळ खाली उतरतो, त्यामुळे मावळल्यावर 20-25 मिनिटांत अंधार पडायला लागतो, तासभर आधीच जाऊन बसा. चार फोटो झाले की फोन आत. मग दोघं पाण्याच्या कडेला नुसती उभी राहा, लाट परत जाताना टाचांखालची वाळू सरकते आणि पाय थोडे थोडे आत जातात, आम्ही हात धरून ते घोट्यापर्यंत रुतेस्तोवर उभे असतो, बोलायचं राहून गेलेलं बरंच काही तेव्हा बोलून होतं.

चप्पल तेवढी वाळूवरच्या ओल्या रेषेच्या बरीच वर काढून ठेवा, भरती चढत असेल तर.